भूत, मृत्युपत्र आणि घाबरट हिरो

बॉब होपचा 'द कॅट अँड द कॅनरी' (१९३९) बघितलाय का कधी? लुइझियानाच्या दलदलीतला जुनाट बंगला, मध्यरात्री मृत्युपत्राचं वाचन आणि झोपलेल्या नायिकेच्या उशाशी भिंतीतून बाहेर येणारा हात! हा मसाला तेव्हाही नवा नव्हता बरं का. जॉन विलर्डचं मूळ नाटक १९२२ चं, आणि १९२७ मध्ये पॉल लेनी या जर्मन दिग्दर्शकाने त्यावर मूकपटही केला होता.

खरी गंमत मृत्युपत्रात आहे. म्हाताऱ्याने सगळी इस्टेट जॉइसला (पॉलेट गॉडार्ड) दिलीय. पण ती मेली किंवा तिला वेड लागलं, तर इस्टेट दुसऱ्याला, आणि त्या दुसऱ्याचं नाव बंद पाकिटात. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत साधं इफ-एल्स. मग खुनाची जोखीम कशाला घ्या? तिला घाबरवायचं. ती किंचाळणार, बाकीचे धावत येणार, तिथे काहीच नसणार. असं दोन-तीनदा झालं की घरचेच म्हणतील, हिचं डोकं फिरलंय. भूतबित काही नाही हो, इस्टेटीची भानगड.

इथे हिरो म्हणून कोणी शूरवीर आला असता, तर त्यानेही तिची समजूतच घातली असती. होप मात्र स्वतःच टरकलेला! पाचकळ विनोद करत, थरथरत तो तिच्याजवळ थांबतो. जो स्वतः घाबरलाय तो तिला वेडी कसा म्हणेल? मला तरी यांचं प्रेम इथेच पटतं.

जोडी चालली, म्हणून पुढच्याच वर्षी 'द घोस्ट ब्रेकर्स' आला. दिग्दर्शक जॉर्ज मार्शल. हेही जुनंच नाटक. सेसिल डिमिलने १९१४ मध्येच त्यावर मूकपट काढला होता. या वेळी नायिकेला क्यूबाजवळच्या बेटावरचा किल्ला वारशात मिळतो. जो तो तिला सांगतो, 'तिथे भुतं आहेत, जाऊ नकोस.' किल्ल्याखाली चांदी आहे हे अर्थात कोणी सांगत नाही. बाई सरळ पोहत बेटावर जाते आणि हिरो होडीतून येतो!

एक गोष्ट मात्र आज बघताना खुपते. होपचं घाबरणं लाघवी. त्याच्या कृष्णवर्णीय नोकराचं, म्हणजे विली बेस्टचं, घाबरणं मात्र त्याच्या वंशावर केलेला विनोद. बेस्टचं टायमिंग होपच्या तोडीचं होतं, पण त्या काळच्या हॉलिवूडने त्याला असल्याच भूमिका दिल्या.

मार्शलनेच १९५३ मध्ये याचा रीमेक केला, 'स्केअर्ड स्टिफ'. त्यात प्रेम करायला डीन मार्टिन आणि घाबरायला जेरी लुईस, अशी कामाची वाटणी झाली. जेरी लुईस धमाल करतो, वादच नाही. पण नायिकेच्या वाट्याला परत एकदा न घाबरणारा देखणा पुरुष आला.