दिवाळीआधी घराचं काम काढताय? फोन कुठे कामाला येतो, कुठे फसवतो

गणपती गेले की आमच्या घरी एक विषय हमखास निघतो: यंदा रंगकाम करायचंच. गेल्या वर्षी बाबा म्हणाले, "तू सगळं फोनवर बघतोस ना, मग हेही बघ." मी बघितलं. पसंत केला होता फिका बदामी, आणि हॉल झाला चक्क गुलाबीसर! पैसे बाबांचे गेले, आणि पाहुणे अजून विचारतात, "हाच रंग हवा होता का?"

चूक कुठे झाली ते आधी सांगतो. शेड मी रात्री निवडली, तेव्हा फोनचा नाईट लाइट मोड चालू होता. हा मोड स्क्रीनवरचा निळा प्रकाश कमी करतो, त्यामुळे सगळंच पिवळट दिसतं. म्हणजे मला दिसलेला पिवळेपणा रंगात नव्हताच, तो स्क्रीनचा होता. कॅमेऱ्याचंही तसंच. प्रत्येक फोटोत तो आपल्या अंदाजाने व्हाइट बॅलन्स बदलतो, त्यामुळे एकच भिंत सकाळी वेगळी आणि बल्बखाली वेगळी येते. रंग कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या खोलीच्या फोटोवर शेड लावून बघता येते, पण ते फक्त "हिरवा की निळा" एवढं ठरवायला वापरा. शेवटचा निर्णय खऱ्या भिंतीवर. छोटा डबा आणा, दोन फूट बाय दोन फुटांचा पट्टा मारा, आणि वाळल्यावर दिवसा आणि रात्री बघा. घरात ६५०० केल्विनचा पांढरा बल्ब आहे की ३००० चा पिवळसर, यावरही बराच फरक पडतो.

मोजमापात मात्र फोन खरंच उपयोगी आहे. आयफोनमध्ये 'मेजर' अ‍ॅप असतं, अँड्रॉइडवर अशी बरीच अ‍ॅप्स मिळतात. कॅमेरा भिंतीवरचे ठिपके, कोपरे, डाग अशा खुणा पकडतो, आणि फोन हलेल तसं त्यांच्यावरून अंतर काढतो. म्हणूनच कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर किंवा अंधारात तो गोंधळतो, पकडायला खूणच नसते. भिंतीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवा, काम सोपं होतं. आयफोन १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो मॉडेल्समध्ये लायडार सेन्सर आहे, तिथे अंदाज जास्त बरोबर येतो. तरी फर्निचर करायचं असेल तर सुताराची टेपच खरी.

रंगाच्या हिशोबाला एवढी अचूकता लागत नाही. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट: चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून दरवाजा (७ बाय ३) आणि खिडकी (४ बाय ४) वजा केली की ४०३ उरतात. छत असेल तर त्यात १२० मिळवा. डब्यावर लिटरमागे किती चौरस फूट ते लिहिलेलं असतं. हा आकडा तुमच्या नोट्समध्ये असला की ठेकेदार "साधारण साडेसहाशे धरू" म्हणाला तर तुम्हाला बोलता येतं.

आता ओल. पावसाळ्यानंतर लगेच रंग लावला आणि भिंत आतून ओली असेल तर पापुद्रे निघणारच. हे कुठलंही अ‍ॅप सांगत नाही. फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. आधी गळती शोधा, रंगाचं नंतर. दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम २० दिवस मिळतात आणि तेव्हा पेंटर हाती लागत नाहीत, म्हणून ही परीक्षा पाऊस ओसरला की लगेच करून टाका.

आकाशकंदील किंवा लाइटच्या माळांसाठी ड्रिल मारणार असाल तर हे नीट वाचा. 'मेटल डिटेक्टर' अ‍ॅप्स फोनमधला होकायंत्राचा सेन्सर वापरतात. त्याला लोखंड कळतं: खिळा, सळई. तांब्याची वायर कळत नाही. आणि वायर प्लास्टिकच्या पाइपातून नेलेली असली तर अ‍ॅप गप्प राहणार. अ‍ॅप गप्प आहे म्हणून ड्रिल मारू नका, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळा, आणि शंका असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

ॲडव्हान्स देताना एक गोष्ट: पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही. "रिफंड पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या.

आणि या वर्षी भिंत फोडून नवीन वायरिंग करत असाल, तर प्लास्टर चढायच्या आधी मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. खोलीच्या नावाने वेगळा अल्बम करा आणि तो घरच्या ग्रुपवर टाका. पुढच्या दिवाळीला कंदिलाचा हुक कुठे ठोकायचा हे त्या फोटोतच दिसेल.