गिरणगाव ते कोकण: अंतर आणि वेळ

मुंबई विमानतळ आणि सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ यांच्यातले सरळ हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर आहे. रस्त्याने तेच पाचशेच्या आसपास जाते, कारण महामार्गाला खाड्या टाळाव्या लागतात आणि घाट चढावे-उतरावे लागतात. गिरणगावातल्या लालबाग-परळच्या आणि गिरगावातल्या चाकरमान्यांनी मात्र गावाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजलेच नाही. बोट कुठल्या बंदराला लागते, वाटेत किती वेळ जातो आणि पाऊस सुरू झाला की नाही, यावर ते ठरे.

विसाव्या शतकाचा बराच काळ कोकणची वाट समुद्रातून होती. आगबोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत. गिरणगावातून तिथे पोचणे सोपे होते. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत बोट पणजीला जाई आणि तिथवर दिवस-रात्र मिळून चोवीस तासांच्या आसपास लागत. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्यापर्यंत येत नसे. उतारूंना भर समुद्रात पडावात उतरावे लागे, पोराबाळांसह आणि वळकट्या-ट्रंकांसह. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची वाहतूक बंद राही, जवळच्या फेऱ्या तेवढ्या चालत. मग रेल्वेने कोल्हापूर गाठून एसटीने घाट उतरणे हा लांबचा पर्याय उरे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांवर त्या दिवसाची छाया पुढे अनेक वर्षे राहिली.

रस्ते सुधारले तसा भार एसटीवर आला आणि परळचा डेपो गावाकडे जाणाऱ्यांचा ठिय्या बनला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. दादरहून मध्यरात्री सुटणारी आजची तुतारी एक्सप्रेस दुपारी सावंतवाडीला पोचते.

चिपीहून प्रवासी विमानसेवा ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. अलायन्स एअरच्या पंखेवाल्या एटीआर विमानाला वेळापत्रकात १ तास २५ मिनिटे दिलेली होती. ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगाने ३५० किलोमीटर पाऊण तासात कापता यायला हवेत. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी उभे राहीपर्यंतचा असतो. चढण, उतरण आणि धावपट्टीपर्यंतचे रांगणे त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते.

वाहनात जाणारा वेळ घटत गेला, पण निघण्याचे ठिकाण गिरणगावापासून दूर सरकले. धक्का शेजारी होता. विमानतळ उपनगरात आहे. लालबागहून तिथे जायला सुमारे तास, उड्डाणाआधी निदान तासभर हजेरी, मग विमान, आणि चिपीहून मालवण-कुडाळच्या गावापर्यंत आणखी पाऊण-एक तास: एकूण सव्वाचार तासांच्या आसपास होत. जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत एक्सप्रेस पावसाळ्याबाहेरच्या वेळापत्रकात दादरहून कणकवलीला सहा तासांच्या आत-बाहेर नेते. केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या उडान योजनेखालची ती मुंबई–चिपी सेवा तीन वर्षांची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये थांबली.