राग आहे, पण मागणी काय?

४ जून २०२४. सांगली लोकसभेचा निकाल. अपक्ष विशाल पाटील, चिन्ह लिफाफा, मतं ५,७१,६६६. भाजपचे दोन वेळचे खासदार संजयकाका पाटील, ४,७१,६१३. महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार, ठाकरेंच्या शिवसेनेचे डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील, ६०,८६०.

एका बाजूला दिल्लीची सत्ता, दुसऱ्या बाजूला तीन पक्षांची आघाडी. सांगलीनं दोघांनाही बाजूला सारलं आणि लिफाफा उचलला. त्या दिवशी आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं : जनतेनं नेत्यांना जागा दाखवली.

मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. जागा दाखवली हे खरं, पण पुढं काय?

आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या शिवेवरचं. अर्धे पाहुणे या जिल्ह्यात, अर्धे त्या. त्यामुळं नेत्यांवर रागावलेली माणसं मी दोन्हीकडं पाहत आलोय. हा राग नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही तो केला होता, आणि त्यांच्या रागातून एक राज्य उभं राहिलं. आपल्या रागातून काय उभं राहिलं, हे तपासायचं तर आधी थोडं मागं जावं लागेल.

नेहरू की महाराष्ट्र

सांगली जिल्हा हा जुन्या साताऱ्याचाच तुकडा. १९४९ ला साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० ला सांगली हे नाव मिळालं. या अखंड साताऱ्यात १९४३ ते १९४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. गावात न्यायमंडळ बसायचं, सावकाराला आणि गुंडाला तिथंच जाब द्यावा लागायचा. ज्यांनी असा कारभार डोळ्यांनी बघितला, त्यांना नेता म्हणजे समोर उभा करून विचारता येईल असा माणूस वाटणं साहजिक होतं.

याच मातीतले यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्रेचा, आता सांगली जिल्ह्यात. कर्मभूमी कराड. बेचाळीसच्या चळवळीतले भूमिगत. लोकांच्या दृष्टीनं आपला माणूस. तर डिसेंबर १९५५ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली असताना, यशवंतरावांनी फलटणला आपली भूमिका सांगितली. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूनं, असा तिचा अर्थ होता. पुढच्या काही महिन्यांत मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य झालं आणि त्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव.

मग १९५७ ची निवडणूक आली. मुख्यमंत्री स्वतःच्या कराडात उभे, समोर शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव पवार. यशवंतराव निवडून आले, पण फरक दोन हजार मतांचाही नव्हता. राज्याचा मुख्यमंत्री घरच्या मैदानात थोडक्यात वाचला. साताऱ्याच्या लोकसभेच्या जागेवर तर कम्युनिस्ट पक्षाचे नाना पाटील निवडून आले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली.

लोक निकालानंतरही थांबले नाहीत. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक वाई आणि पसरणी घाटाच्या रस्त्याला काळी निशाणं घेऊन उभे राहिले. मोटारीतून जाताना नेहरूंना काय दिसलं असेल याचा मी अनेकदा विचार करतो. शिव्या, दगड यापेक्षा वाईट गोष्ट होती ती : शिस्तीत उभी असलेली नाराजी. आणि तिच्या तोंडी एकच वाक्य, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ ला साताऱ्यानं पुन्हा काँग्रेसचा खासदार दिला, वाईकडचे स्वातंत्र्यसैनिक किसन वीर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांनी काँग्रेस कायमची सोडली नव्हती. त्यांना एक गोष्ट हवी होती, ती मिळेपर्यंत त्यांनी काँग्रेसला घराबाहेर उभं केलं. मिळाल्यावर दार उघडलं.

खंजीर कुणाच्या पाठीत?

यानंतरचा काळ वेगळा. कारखाने उभे राहिले, सहकारी बँका, दूध संघ, शाळा-कॉलेजं आली. यातून भलं झालं, हे नाकारणारा माणूस कृतघ्न ठरेल. पण त्याबरोबर एक गोष्ट बदलली. ऊस कुणाला घालायचा, कर्ज कुठून काढायचं, पोराला नोकरी कुठं लावायची, या सगळ्या वाटा एखाद्या नेत्याच्या वाड्यावरून जाऊ लागल्या. ज्याच्याकडं उसाच्या तोडीसाठी हात जोडायचे, त्यालाच जाब कसा विचारणार? राग आला तर माणूस एवढंच करू शकत होता : या वाड्यावरून उठून त्या वाड्यावर जायचं.

जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी सांगलीच्या वसंतदादा पाटलांचं सरकार पाडलं आणि स्वतः मुख्यमंत्री झाले. इंग्रजांच्या तुरुंगातून पळताना गोळी खाल्लेल्या दादांच्या पाठीत खंजीर खुपसला, असं सांगलीत तेव्हापासून म्हणतात. आज हा शब्द प्रत्येक पक्ष दुसऱ्यासाठी वापरतो. पण बघा, यात मतदार कुठंच नाही. खंजीर मारणारा नेता, खाणाराही नेता. आपण फक्त कुणाच्या बाजूनं हळहळायचं ते ठरवतो.

या हळहळण्यालाही एक इमान होतं, हे मान्य करायला हवं. १९८० च्या इंदिरा लाटेत यशवंतराव विरोधी गटात, काँग्रेस (अर्स) मध्ये होते. महाराष्ट्रात ४८ जागांपैकी त्या पक्षाला एकच मिळाली, ती साताऱ्याची. लोकांनी पडत्या काळात माणूस धरून ठेवला. पण धरला तो माणूसच, भूमिका नव्हे. यशवंतराव स्वतःच पुढं इंदिराजींच्या पक्षात परतले, तेव्हा मतदारानं कशासाठी लाटेविरुद्ध मत दिलं होतं, हा प्रश्न लटकत राहिला.

पावसातली सभा

१८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा तुम्ही फोनवर पाहिलीच असेल. उदयनराजे भोसले त्याच वर्षी राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या फरकानं खासदार झाले होते आणि चार महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते. पोटनिवडणूक लागली. जिल्हा परिषदेच्या मैदानावर भर पावसात पवार उभे राहिले आणि म्हणाले की लोकसभेचा उमेदवार निवडताना माझी चूक झाली, ती मी कबूल करतो. तीन दिवसांनी मतदान झालं. श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी जिंकले.

आमच्याकडं तेव्हा लोक पेढे वाटत होते. नेत्यानं चूक मान्य केली, आम्ही दुरुस्त केली, असा आनंद होता. छत्रपतींच्या घराण्यातल्या माणसालाही विचारता येतं हे त्या मतदानानं दाखवलं, आणि ते लहान काम नव्हतं.

पण नंतर काय झालं? पवारांचा पक्षच फुटला. २ जुलै २०२३ ला अजित पवार सत्तेत गेले आणि दुसऱ्या दिवशी शरद पवार कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी आले. २०२४ ला साताऱ्यात उदयनराजे भाजपकडून ३२,७७१ मतांनी जिंकले. तुतारीशी साधर्म्य असलेल्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली, हा चर्चेचा विषय झाला. पण पिपाणीचा हिशेब मांडताना एक गोष्ट झाकली जाते. पाच वर्षांपूर्वी ज्यांना पक्ष बदलल्याची शिक्षा दिली, त्यांना लाखो लोकांनी पुन्हा स्वीकारलं होतं. दरम्यान सगळेच पक्ष बदलले होते. शिक्षा तरी कुणाकुणाला देणार?

सांगलीचंही बघू. १९६२ पासून २०१४ पर्यंत इथला खासदार काँग्रेसचा, १९८० पासून तर दादांच्याच घराण्यातला. २०१९ ला काँग्रेसनं ही जागा स्वाभिमानी पक्षाला सोडली, २०२४ ला ठाकरेंच्या शिवसेनेला, कारण कोल्हापूर काँग्रेसकडं गेलं होतं. लागोपाठ दोन लोकसभांना सांगलीच्या मतदान यंत्रावर पंजा नव्हता. मुंबईत बसून कुणीतरी आपल्या जिल्ह्याची अदलाबदल करतं, हा राग रास्तच होता. पण तो निघाला वसंतदादांच्या नातवाला मत देऊन. आणि निकालानंतर दोनच दिवसांत विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. लिफाफा फोडला तर आत पंजाच होता.

त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांनी फसवलं नाही, लोकांनाही तेच हवं होतं. माझा मुद्दा आपल्याबद्दल आहे.

राग कशासाठी

सांगलीच्या निकालानंतर बरोबर एका महिन्यानं, ४ जुलै २०२४ ला ब्रिटनमध्ये निवडणूक झाली. तिथले लोक सत्ताधाऱ्यांना विटले होते आणि विरोधकांवरही खूश नव्हते. मतदान साठ टक्क्यांच्या आसपास झालं. मजूर पक्षानं साधारण ३४ टक्के मतांवर ६५० पैकी चारशेहून जास्त जागा घेतल्या. तिथला कंटाळलेला मतदार मोठ्या संख्येनं घरी बसला. आपला मतदार घरी बसत नाही, तो चिडून रांगेत उभा राहतो. याचा मला अभिमान आहे. पण नुसतं रांगेत उभं राहणं पुरत नाही, हेही १९५७ शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसतं. तेव्हाच्या मतदाराला विचारलं असतं, तुला काय हवं, तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं. २०१९ आणि २०२४ च्या मतदाराला विचारलं तर तो कोण नको ते सांगतो.

मागणी असलेला राग आजही याच जिल्ह्यांत आहे, फक्त तो पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत शोधावा लागतो. प्रतिसरकारातले क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी १९९० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, आटपाडीच्या दुष्काळी माणसांना घेऊन पाणी परिषदा भरवू लागले. बरोबर भारत पाटणकर होते, सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. कृष्णेचं पाणी दुष्काळी भागाला द्या आणि ते समान वाटा, एवढंच मागणं. सरकारं बदलली, मागणं बदललं नाही. आज कराडजवळच्या टेंभूतून उचललेलं पाणी आटपाडीपर्यंत जातं.

जतच्या गावांनीही २०२२ च्या अखेरीस सांगितलं की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. मुंबईत खळबळ उडाली आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या विस्तारित म्हैसाळ योजनेला अचानक गती आली. तिथं कुणी कुणाला जागा दाखवली नव्हती. त्यांनी पाणी मागितलं होतं.

पुढची निवडणूक येईल. पुन्हा कुणीतरी पक्ष सोडेल, कुणाची तरी जागा कुणाला तरी सुटेल, पावसात किंवा उन्हात सभा होईल आणि आपले फोन भरून जातील. तेव्हा मला माझ्या वयाच्या मित्रांना एवढंच सांगायचंय, की कुणाला पाडायचं हे ठरवण्याआधी एका कागदावर आपल्या गावाला काय हवंय ते एका ओळीत लिहून काढा. उसाच्या वजनाचा काटा असेल, बंद पडलेली एसटी असेल, पाणी असेल. आणि जो कुणी मत मागायला दारात येईल, त्याच्या हातात आधी तो कागद द्या.