ताप मोजला, सांधे राहिले

फेब्रुवारी-मार्च २००६. आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, चिकुनगुन्याचे दोन हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्याभरात उतरतो. सांधेदुखी मात्र काहींना महिनोन्‌महिने सोडत नाही. इथेच वाद. डॉक्टर म्हणणार, ताप गेला म्हणजे आजार गेला, आता हा संधिवात किंवा वय. पेशंट म्हणणार, अहो, तापाआधी मी जिने चढत होतो की!

डॉक्टरांचंही एक कारण होतं. महाराष्ट्रातली आधीची मोठी साथ १९७३ ची, बार्शीची. त्यानंतर तीसेक वर्षं शांतता. म्हणजे तरुण डॉक्टरांनी हा आजार फक्त पुस्तकात वाचलेला. त्यात २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण मोजले, तेही तापावरून. दुखणं किती टिकलं, हे त्या आकड्यातून कळतच नाही.

खरं तर ते नावातच होतं. १९५२-५३ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, साथ आली. तिथल्या माकोंडे भाषेतल्या या शब्दाचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’. चिकनशी संबंध नाही!

तेव्हा घरात कुणी सांधे धरून बसलं, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी विचारा: ताप कधी आला होता?