छतातला चौदा इंची झरोका

गेल्या जूनमधला एक रविवार, पहाटेचे साडेचार. अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहरात मी एका ट्रेलरच्या छतावर पालथा पडून प्लास्टिकच्या पट्टीने जुना सीलंट खरवडत होतो. ट्रेलर म्हणजे सिनेमाचा नव्हे. गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. हा १९६९ सालचा होता. अ‍ॅल्युमिनियमचा, रिव्हेट ठोकलेला, पंख काढून ठेवलेल्या विमानासारखा. साडेसहाच्या आत काम उरकायचं होतं, कारण त्यानंतर तिथल्या उन्हात पत्र्यावर तळहात टेकवत नाही.

ट्रेलर माझा नाही. माझ्या अपार्टमेंटच्या कुंपणापलीकडे अशा घरांची वसाहत आहे, तिथल्या एका आजोबांचा आहे. वय ७८, एकटेच राहतात. तो चांदीसारखा ट्रेलर बघायला मी एकदा कुंपणापाशी थांबलो आणि ओळख झाली. छतावरचा त्यांचा एसी बंद पडून तीन दिवस झाले होते, पण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी दोन रात्री त्यांचं दार सताड उघडं पाहिलं, आजोबा वारा खात बसले असतील असं समजलो आणि माझ्या खोलीतल्या २४ अंशांत जाऊन झोपलो. तिसऱ्या संध्याकाळी सहज डोकावलो तर ते डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले होते. माझं नाव त्यांना आठवेना.

त्या रात्री ते माझ्या सोफ्यावर झोपले. सकाळी नाव आठवलं आणि पहिलं वाक्य होतं, ‘एसी दुरुस्त करायचा, बदलायचा नाही. तो ओरिजिनल आहे.’

हा लेख त्या ‘ओरिजिनल’ शब्दाच्या मागे लागून झालेल्या शोधाचा आहे.

पत्र्याच्या घरात

मेसा ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे २०२३ साली उष्णतेमुळे ६४५ माणसं गेली. त्याच वर्षी शेजारच्या फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. मरणारे बहुतेक उघड्यावरचे होते, पण काही जण घरातही गेले. आणि घरात गेलेल्यांतल्या बहुतेकांकडे एसी होता. तो फक्त चालू नव्हता.

मी अकोल्याचा. ऊन मला कोणी शिकवायला नको. पण आमचं घर विटांचं, वर स्लॅब, पुढे कडुनिंब. पत्र्याचं घर वेगळं. त्याला तापायला वेळ लागत नाही आणि सावली स्वतःची नसते. मग अशी घरं मुळात कोणी आणि कशाला बनवली?

ती राहण्यासाठी नव्हतीच, भटकण्यासाठी होती. अमेरिकेत मोटारी सामान्य माणसाच्या हाती आल्या तशी माणसं सुटीत तंबू, भांडी आणि डबाबंद अन्न गाडीत कोंबून निघू लागली. १९१९ साली फ्लॉरिडातल्या टॅम्पा इथे अशा भटक्यांनी संघटनाच काढली, ‘टिन कॅन टुरिस्ट्स’. पुढे तंबूच्या जागी चाकांवरची खोली आली. १९३०च्या दशकात, ऐन मंदीत, ट्रेलर बनवणारे कारखाने उभे राहिले. वॉली बायम याच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली ‘क्लिपर’ हे मॉडेल काढलं. किंमत १,२०० डॉलर, म्हणजे त्या काळी बरीच. त्यात चार जणांची झोपायची सोय, स्वतःची पाण्याची टाकी आणि विजेचे दिवे होते. शिवाय जाहिरातीत मिरवावी अशी एक चैन होती: कोरड्या बर्फावर चालणारं वातानुकूलन.

कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. मी इंजिनिअर असल्यामुळे लगेच हिशेब केला. आजोबांच्या एसीइतका गारवा हवा असेल तर तासाला साधारण २५ किलो कोरडा बर्फ लागेल. आणि त्यातून सुटणारा वायू त्या बंद खोलीत साठू द्यायचा नाही, नाहीतर आतला माणूस गारव्याने नव्हे, गुदमरून शांत व्हायचा. साहजिकच तो मार्ग पुढे चालला नाही.

एक टन म्हणजे काय

दुकानात आपण ‘दीड टनाचा एसी द्या’ म्हणतो. टन कशाचा? एसीचं वजन तर तेवढं नसतं.

टन बर्फाचा. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता जे यंत्र चोवीस तासांत बाहेर काढतं ते एक टनाचं. तासाला १२,००० बीटीयू. यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाला बर्फाची भाषा कळत होती, म्हणून मोजमाप बर्फात झालं. जसं इंजिन आलं तेव्हा ते घोड्यांत मोजलं.

त्या बर्फाचा आपल्याशीही संबंध आहे. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर तिथल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजाने जगभर विकायचा. १८३३ साली त्याचं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. लवकरच मुंबईतही तो बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला खास बर्फघर बांधलं गेलं. आजोबांच्या छतावरचं यंत्र १३,५०० बीटीयूचं, म्हणजे दिवसाला साधारण १,००० किलो बर्फाचं काम करणारं. एके काळी एवढ्या बर्फासाठी समुद्र ओलांडावा लागे. आता ते काम एका खोक्यात बसतं.

खोक्यापर्यंतचा प्रवास थोडक्यात असा. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली. ती माणसांसाठी नव्हती, कागदासाठी होती. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांची छपाई हलायची. मग थिएटरं, दुकानं, कचेऱ्या. १९४०च्या पॅकार्ड मोटारीत एसी मिळू लागला, पण त्याने अर्धी डिकी खाल्ली. सामान्य माणसाला परवडायचा तो कूलर.

कूलर, वाळा आणि मान्सून

अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या जुन्या मोटारींच्या फोटोंत खिडकीला एक नळकांडं टांगलेलं दिसतं. तो पाण्याचा कूलर. गाडी धावली की हवा ओल्या पॅडमधून आत. घरांवर त्याचा मोठा भाऊ, आतमध्ये अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाच्या कुरळ्या पट्ट्या. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसूच आलं. हा तर आमचा कूलर! एप्रिलमध्ये वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकीत बादल्या ओतायच्या आणि रात्री पाणी संपलं की कोण उठणार यावरून भांडायचं. अकोल्यात बाबा अजून तोच वापरतात. दरवर्षी मी एसीचा विषय काढतो, दरवर्षी त्यांचं एकच उत्तर: ‘कूलर आहे ना.’

कूलर फार हुशार यंत्र आहे. पंखा आणि एक छोटा पंप, बस्स. पण त्याला कोरडी हवा लागते. अ‍ॅरिझोनात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या काळाला मान्सूनच म्हणतात, हाच शब्द. हवेत ओल आली की कूलरचं काय होतं हे विदर्भातल्या कुणालाही विचारा. अंग चिकचिकतं, चादर ओली होते, गारवा जातो. कूलर नेमका तेव्हा दगा देतो जेव्हा घामही काम करत नाही.

म्हणून छतावर एसी चढला. महायुद्धानंतर महामार्ग झाले, ट्रेलर लांब पल्ल्याला जाऊ लागले. हौस इतकी, की १९६३-६४ मध्ये एअरस्ट्रीमवाल्यांचा एक ताफा सिंगापूरहून निघून भारतातून जात युरोपला पोचला. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तिघांना विलगीकरणात ठेवलं, तेही एका बदललेल्या एअरस्ट्रीममध्येच. त्या दशकात खिडकीचा एसी आडवा पसरवून छतासाठी बनवला गेला. आता प्रश्न होता तो बसवायचा कुठे. उत्तर आधीच छतात होतं. गरम हवा वर जाते, म्हणून ट्रेलरच्या छताला उघडझाप करणारे झरोके असत, चौदा इंच बाय चौदा इंच. एसीही त्याच मापाच्या चौकटीत बसेल असा केला. एकाच चौकोनातून खोलीतली गरम हवा वर, गार हवा खाली, मध्ये एक पडदी.

आमच्या धंद्यात याला इंटरफेस म्हणतात. आतला कोड दहादा बदला, पण ज्या जागी दोन गोष्टी जोडल्या जातात ती जागा बदलू नका. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, वायू बदलले. चौदा इंच तसेच राहिले.

झाकणाखाली

आजोबांना दुरुस्तीच हवी होती. अडचण वायूची होती. १९२०च्या दशकाअखेर थॉमस मिजली याने फ्रिऑन आणला. त्याआधीचे वायू विषारी किंवा पेट घेणारे, हा निरुपद्रवी. १९३० मध्ये मिजलीने तो सर्वांसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. खोलीपुरतं ते खरंच होतं. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हे वायू वर जाऊन ओझोन खातात. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. आजोबांच्या एसीतला आर-२२ हा त्याच घराण्यातला, कमी घातक, पण अमेरिकेत २०२० पासून त्याचं उत्पादन आणि आयात दोन्ही बंद. शिवाय असे एसी कारखान्यातच कायमचे सील केलेले. आत वायू भरायला तोंडच नाही.

मी प्लास्टिकचं झाकण काढलं आणि पाटी दिसली. त्यावर साल होतं १९८६.

आजोबांनी ट्रेलर नव्वदीत घेतलेला. ज्याला ते तीस वर्षं ओरिजिनल समजत होते, तो आधीच कोणीतरी बदललेला होता. ते खाली शिडीला धरून उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘मग ओरिजिनल काय उरलं?’

वीज तोडली. आतून चार बोल्ट सोडले. पत्र्यावर रिव्हेटच्या ओळींवरच प्लायवूड टाकून, माझा एक मित्र आणि मी, पंचेचाळीस किलोचं ते धूड पिकअपच्या हौद्यात उतरवलं. ते तसंच वायू काढून घेणाऱ्या परवानाधारक माणसाकडे जायचं होतं. हवेत सोडणं गुन्हा आहे. खाली चौकोन उघडा पडला. कडेला तीन थर: वर पांढरा सीलंट, मग काळा, मग राखाडी, जवळजवळ दगड. तळाशी मूळ अ‍ॅल्युमिनियमची स्वच्छ कड. मी टेप लावली. चौदा इंच आणि वर पाव.

आणि कोपऱ्यात एक रबरी नळी, गाठ मारून भिंतीत ढकललेली.

१९६९च्या कारखान्याने एसीत जमणाऱ्या पाण्यासाठी भिंतीच्या आतून चाकापर्यंत नळी नेली होती. १९८६च्या माणसाने ती जोडलीच नाही. पाणी छतावर सोडून दिलं. ट्रेलरच्या बाजूवरचे करडे ओघळ, जे आजोबा दरवर्षी घासून काढायचे, ते त्याचे. मी नळीत पेलाभर पाणी ओतलं. काही सेकंदांनी खालून आजोबा ओरडले, ‘आलं!’ पंचावन्नहून अधिक वर्षांची नळी वाहत होती.

नवा एसी बसवणं त्यामानाने सोपं. चौकटीवर फोमचा गॅस्केट, सीलंट न लावता. एसी मधोमध. चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, गॅस्केट अर्धा इंच उरेपर्यंत. जास्त आवळलं तर छत वाकतं, कमी तर पाऊस आत. वेगळा मिळणारा पाण्याचा ट्रे त्या जुन्या नळीला जोडला. सव्वासहाला बटण दाबलं. आजोबा झरोक्याखाली तोंड वर करून उभे राहिले, बराच वेळ.

यंत्र गारवा तयार करत नाही. ते आतली उष्णता बाहेर टाकतं, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता वर जोडतं. त्या दिवशी त्या वसाहतीतल्या प्रत्येक छतावर एक खोकं घरघरत होतं आणि ज्याचं बंद होतं, त्याच्या दारात सगळ्यांची उष्णता जमत होती. हे मला माहीत आहे. तरीही त्या सकाळी मला फक्त बरं वाटलं.

जूनच्या कोरड्या हवेत नळीतून थेंबही आला नाही. जुलैत पहिली ओली संध्याकाळ आली तेव्हा चाकाजवळ टप टप सुरू झालं. आजोबांनी खाली पक्ष्यांसाठी वाडगं ठेवलं.

त्या रात्री मी घरी फोन केला. एसीचा विषय न काढता बाबांना आजोबांची ती तिसरी संध्याकाळ सांगितली, माझं नाव न आठवल्याची. बाबा काही बोलले नाहीत. ‘पाणी टाकायचं आहे कूलरमध्ये,’ म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. त्यात फक्त मागच्या खोलीच्या खिडकीचं माप होतं, इंचांत.