जोडणीची कुळकथा : जुवापासून सात पिनांपर्यंत

मोटारीच्या मागे बसवल्या जाणाऱ्या टो-बारचे, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या पोलादी दांडीचे, कुळ जालना जिल्ह्यात शोधायचे तर बैलगाडीपाशी जावे लागते. कारण ओढीचा जो नियम गाडीवानाला ठाऊक होता, तोच पुढे यंत्रांनी पाळला. गाडीतला माल आखाच्या, म्हणजे दोन्ही चाकांना धरणाऱ्या कण्याच्या, किंचित पुढे रचला की जुवावर बेताचा दाब राहतो, आणि तो मागे सरकला की दांडी वर उचलली जाऊन गाडी उलाळ होते.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत पोचल्यावर तेथे ऊस वाढला, आणि अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याकडे तो नेताना बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर-ट्रॉली आली. येथे जुवाची जागा हूक आणि पिनीने घेतली, पण नियम सुटला नाही : ट्रॉलीची ओढ ट्रॅक्टरच्या मागच्या आखापेक्षा उंचावर बसली, तर चढावर पुढची चाके जमीन सोडतात, म्हणून हूक आखाच्या खालीच असावा लागतो. मोटारीच्या टो-बारवरील 50 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यावरही ट्रेलरचा थोडा भार पडावाच लागतो. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो.

लोखंडाचा सांधा असा वारशाने आला, विजेचा सांधा मात्र नवा आहे, आणि या कुळात तोच सर्वांत उपेक्षित राहिला. त्याची प्रचलित आंतरराष्ट्रीय रचना सात पिनांच्या सॉकेटची असून दोन पिना वळणाच्या दिव्यांना, दोन मागच्या लाल दिव्यांना, एक ब्रेकच्या, एक धुक्यातल्या दिव्याला आणि एक अर्थिंगला दिलेली असते. आजच्या अनेक ट्रॅक्टरांवर असे सॉकेट येते. परंतु एकच ट्रॅक्टर आज एक तर उद्या दुसरी ट्रॉली ओढतो, वायर तुटते, उसाची टोके दिव्यांवर लोंबतात, आणि रात्रीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला केवळ लाल परावर्तकाचा आधार उरतो. कारखान्यांनी हंगामात परावर्तक लावून घेणे आवश्यकच आहे, पण ब्रेक लागल्याची सूचना परावर्तक देऊ शकत नाही, ही उणीव गंभीर आहे.

आधुनिक मोटारीत अडचण उलट्या बाजूने येते. बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडलेल्या कॅन पद्धतीत दोन तारांवरून अनेक संगणकी आज्ञा जातात, आणि दिव्याला किती वीज लागते यावर मोटार स्वतः नजर ठेवते. त्यामुळे मागच्या दिव्याच्या वायरीला ट्रेलरची वायर थेट जोडली, तर जादा भार हा बिघाड समजून ती तो दिवाच बंद करू शकते. म्हणून टो-बार चासीच्या नेमलेल्या छिद्रांत बोल्टने कसल्यावर एक वेगळे मॉड्यूल बसवतात, जे वीज स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीकडून घेते आणि मोटारीच्या वायरींकडून फक्त इशारा घेते. ट्रेलर जोडला आहे, हे मॉड्यूलने मोटारीच्या संगणकाला कळवले, की मागे घेतानाचे सेन्सर ट्रेलरलाच अडथळा समजून वाजत राहू नयेत म्हणून ते बंद होतात.