‘रुसाल्का’ : एका चिलखती नौकेची कथा

रशियन लोककथांतील ‘रुसाल्का’ म्हणजे पाण्यांत वास करणारी तरुण स्त्री. बुडून मेलेल्या कुमारिकेचा तो आत्मा असतो, अशी तेथील खेडुतांची समजूत. आपल्याकडील साती आसरांची सहज आठवण व्हावी अशी ही कल्पना आहे. या नांवाची एक चिलखती नौका रशियाच्या आरमारांत होती. १८९३ सालीं ती आपल्यावरील १७७ माणसांसह अशी नाहींशी झाली कीं, पुढें ११० वर्षें तिचा निश्चित ठाव लागला नाहीं. या नाशाचा दोष समुद्राला द्यावा, नौकेच्या रचनेला द्यावा कीं माणसांना द्यावा, हा प्रश्न आजही विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्धांत १८६२ सालीं ‘मॉनिटर’ नौकेनें आपला पराक्रम दाखविल्यावर साऱ्या जगांतील आरमारांचे डोळे तिच्या रचनेकडे वळले. पाण्यावर जेमतेम दिसणारें लोखंडी शरीर आणि त्यावर फिरत्या बुरुजांत ठेवलेल्या तोफा, हें तिचें सार. शत्रूच्या गोळ्याला लक्ष्यच लहान मिळावें, हा त्यांतील हेतु. पोलंडांतील १८६३ च्या बंडामुळें इंग्लंड व फ्रान्स यांच्याशीं युद्ध जुंपण्याची रशियाला धास्ती होती. म्हणून राजधानीच्या रक्षणासाठीं त्यानें अशा नौकांची एक मालिकाच बांधली. त्याच धोरणांतून पुढें सेंट पीटर्सबर्ग येथें ‘चारोदेइका’ व ‘रुसाल्का’ या भगिनी-नौका निर्माण झाल्या. ‘रुसाल्का’ १८६७ सालीं पाण्यांत उतरली. तिची लांबी सुमारें २०६ फूट. कमरेभोंवतीं साडेचार इंच जाडीचें चिलखत. पाठीवर दोन घुमते बुरूज. परंतु तिची पाठ पाण्याच्या पातळीपासून अवघी अडीच फूट उंच होती! फिनलंडच्या आखातांतील उथळ पाण्यांत, किनाऱ्याच्या आश्रयानें लढणाऱ्या नौकेला एवढी उंची पुरे, असें तज्ज्ञांना वाटलें.

या रचनेंतील उणीव लौकरच उघड झाली. १८६९ सालीं फिनलंडच्या किनाऱ्याजवळ ‘रुसाल्का’ खडकावर आपटली. पडलेलें भोंक मोठें नव्हतें, तरी नौका बुडतां बुडतां वांचली; कारण आंत शिरलेलें पाणी भलत्याच ठिकाणीं सांचलें आणि पंपांच्या तोंडापर्यंत पोंचलेंच नाहीं. नौकेवर स्तेपान मकारोव नांवाचा विशीचा एक तरुण होता. त्यानें या प्रसंगाचा कसून अभ्यास केला आणि १८७० सालीं रशियन आरमाराच्या मासिकांत लेख लिहिला. नौकेच्या तळाशीं पाणी उपसणारी एक मुख्य नळी असावी, भोंकावर बाहेरून लावण्यासाठीं जाड पट्टी आगाऊच तयार ठेवावी, अशा त्याच्या सूचना होत्या. पुढें जगद्विख्यात झालेल्या या दर्यासारंगाची विद्या ‘रुसाल्का’च्याच दुखण्यांतून जन्मास आली. त्याच वर्षीं इंग्लंडची ‘कॅप्टन’ ही बुरुजांची नौका वादळांत उलटली व तिचा कल्पक कोल्स हाही तिच्याबरोबर बुडाला. इशारे कमी नव्हते.

तरीही तेवीस वर्षांनीं काय घडलें? रशियन पंचांगाप्रमाणें ७ सप्टेंबर १८९३ रोजीं सकाळीं ‘रुसाल्का’ रेव्हाल, म्हणजे आजचें टॅलिन, येथून हेलसिंगफोर्स, म्हणजे आजचें हेलसिंकी, या बंदराकडे निघाली. सोबतीला ‘तूचा’ ही तोफनौका होती. वारा वाढत गेला. दुपारच्या सुमारास ‘तूचा’च्या लोकांना मागची नौका दिसेनाशी झाली; तरी तिच्या कप्तानानें मागें न वळतां पुढचें बंदर गाठलें. पुढें किनाऱ्यावर कांहीं वस्तू आणि एका होडींत एका खलाशाचें प्रेत, एवढेंच काय तें सांपडलें. चौकशींत आणखी एक गोष्ट बाहेर आली : वादळाच्या वेळीं पाठीवरील उजेडाच्या झरोक्यांवर घट्ट बसवावयाचीं झांकणें क्रॉनस्टाटलाच राहिलीं होतीं! ‘तूचा’च्या कप्तानास पदावरून दूर करण्यांत आलें, आणि तिला धाडणाऱ्या अधिकाऱ्यास ठपका देऊन प्रकरण मिटलें.

आमच्या मतें एकट्या रचनेला दोषी ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. उथळ पाण्यासाठीं बांधलेल्या नौकेनें आपल्या मर्यादा स्वतःच जगजाहीर केल्या होत्या. ज्यांनीं त्या मर्यादा शांत हवेच्या अनेक वर्षांत विसरून टाकल्या, त्यांच्याकडे दोषाचा मोठा वांटा जातो. झांकण नसलेला झरोका एरवीं कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. अडीच फुटांवर लाट आली म्हणजे तोच नौकेचा काळ होतो.

१९०२ सालीं टॅलिनच्या समुद्रकांठीं शिल्पकार आमांडुस आडामसन यानें घडविलेलें स्मारक उभें राहिलें : ग्रॅनिटच्या चौथऱ्यावर हातांत क्रूस घेतलेली ब्राँझची देवदूती, समुद्राकडे पाहणारी. मकारोव १९०४ सालीं पोर्ट आर्थरपुढें ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ सुरुंगावर फुटली तेव्हां मृत्यु पावला. शेवटीं २००३ सालीं एस्टोनियाच्या संशोधकांना हेलसिंकीच्या दक्षिणेस सुमारें ७४ मीटर खोल पाण्यांत ‘रुसाल्का’ सांपडली. तिचें नाक चिखलांत खोल रुतलेलें असून शेपूट वर आहे. जवळ जवळ उभ्या खांबासारखी ती तेथें आहे. ज्या १७७ माणसांना जमिनीवर समाधि मिळाली नाहीं, त्यांतील बहुतेकांची समाधि तीच होय.